वरच्या खोलीत पाचपैकी पाच

४ नोव्हेंबर

एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तक्रारींच्या टेबलावर काढली. अर्ध्या शहराच्या लाइनी या बोटांखालून गेल्या. आणि आज जेवताना चिरंजीव विचारतात, "बाबा, नवीन राउटर बसवायला कंपनीचा माणूस बोलावू या का?" मी म्हटलं, बोलाव की, मी समोर खुर्ची टाकून बसतो आणि त्याला शिकवतो. चिरंजीव लिफ्टच्या कंपनीत आहेत. त्यांना जगात वर आणि खाली एवढ्या दोनच दिशा माहीत.

नव्या राउटरचं कारण म्हणजे सूनबाईचं काम. आधीचं ऑफिस बंद पडल्यापासून दोन वर्षं ती घरी बसून होती. या एक तारखेपासून घरूनच करायचं काम मिळालंय. काम मोठं चमत्कारिक आहे. कॉलेजात काही मुलांना ऐकू येत नाही. सर वर्गात बोलतात ते सूनबाईच्या कानात येतं आणि ती त्याच क्षणी टाइप करते. ती अक्षरं त्या मुलांसमोरच्या पडद्यावर उमटतात. मी एकदा मागे उभं राहून पाहिलं. बोटं अशी पळतात की बघणाऱ्याला धाप लागावी. तीन महिने उमेदवारी, नंतर कायम. अट कडक आहे: वर्ग चालू असताना महिन्यात सहा वेळा लाइन तुटली तर चालेल, सातव्यांदा तुटली की नाव यादीतून बाहेर.

आमचा जुना राउटर दर चार-पाच तासांनी आपोआप बंद पडतो आणि तीन मिनिटांनी आपोआप उठतो. त्याच्यावर विसंबून हे काम होणार नाही, हे पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं. मी स्वतः जाऊन तीन डब्यांचा नवा संच आणला. एक मुख्य, दोन साथीदार. तिघं आपापसात बोलतात आणि घरभर सिग्नल पसरवतात. दुकानदार मला याला मेश म्हणतात वगैरे समजावत होता. आमच्या वेळी याला एक्स्चेंज आणि उपकेंद्रं म्हणत असत, असं मी त्याला सांगितलं. त्याने मान डोलावली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

५ नोव्हेंबर

बसवलं. सकाळी नऊला सुरुवात, साडेदहाला काम खलास. मुख्य डबा पुढच्या खोलीत, एक साथीदार स्वयंपाकघराच्या दारात, दुसरा आमच्या झोपायच्या खोलीत. वायफायचं नाव जुनंच ठेवलं, पासवर्डही जुनाच. त्यामुळे घरातल्या एकाही फोनला किंवा लॅपटॉपला हात लावावा लागला नाही. सगळे आपोआप जोडले गेले. लाइन बदलली हे ग्राहकाला कळताही कामा नये, ही आमची शिस्त. या घरात तिचं कौतुक करणारं कुणी नाही ही गोष्ट वेगळी.

जुना राउटर माळ्यावर आहे, तो तिथेच चालू ठेवला. त्याची वायर नव्या मुख्य डब्याच्या पाठीत खोचून दिली. एक्स्चेंज बदलताना जुनं लगेच कधीच तोडत नाहीत. नवं स्थिरावेपर्यंत दोन्ही चालू ठेवायची असतात. आमची ही शिडी धरून खाली उभी होती. म्हणाली, "अहो, नवा आणलात ना? मग तो वरचा अजून डोळे का मिचकावतोय?"

"त्याला राखीव म्हणतात."

"बिघडलेला राखीव?"

हिला त्यातलं काय कळणार! मी शिडी उतरलो.

संध्याकाळी फोन घेऊन घरभर फिरलो आणि सिग्नलच्या दांड्यांचं मोजमाप घेतलं. पुढची खोली पाचपैकी पाच. स्वयंपाकघर चार. आमची खोली पाच. मोरी तीन. वरची खोली, जिथे सूनबाई बसते, तिथे पाचपैकी पाच! वर मी एकही डबा ठेवलेला नाही, मध्ये सिमेंटचा स्लॅब आहे, तरी पाच. नवं यंत्र नव्हे, बैल आहे बैल. सूनबाईला मुद्दाम वर बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "वा, बाबा." एवढंच, पण मनापासून म्हणाली.

८ नोव्हेंबर

आज अकरा वाजता तिची लाइन तुटली. तीन मिनिटं. ती जिना उतरून आली तेव्हा तोंड उतरलेलं होतं. मी ताबडतोब माझा फोन घेऊन वर गेलो, पाचपैकी पाच. म्हटलं, लाइनीत काही नाही, तुझा लॅपटॉप तपासून घे.

ती म्हणाली, "लॅपटॉप नवा आहे, बाबा."

नव्या वस्तूच जास्त बिघडतात, असं मी म्हटलं. मग माझं मलाच हसू आलं, कारण राउटरही नवाच आहे. पण ती हसली नाही.

११ नोव्हेंबर

आज दोनदा. एकूण तीन.

दिवसभर डोकं लढवलं. जिन्याखाली चिरंजीवांची माशांची पेटी आहे. पाणी सिग्नल पितं, हे शास्त्र आहे. पेटी हलवायची तर आधी मासे बादलीत काढावे लागतात. अडीच तास गेले, कंबर धरली, एक मासा दगावला. चिरंजीव संध्याकाळी आले आणि बादलीकडे पाहत उभे राहिले. "बाबा, मी उद्या माणूस बोलावतो," म्हणाले.

मी असताना माणूस? मी म्हटलं, या घरात परका माणूस लाइनीला हात लावणार असेल तर मला आधी सांगा, मी त्या दिवशी बाहेर जाऊन बसतो. चिरंजीवांनी सूनबाईकडे पाहिलं. ती म्हणाली, "राहू दे. बाबा बघतायत ना." मला बरं वाटलं. या घरात माझी किंमत कुणाला असेलच तर तिला आहे.

१५ नोव्हेंबर

एकूण पाच.

आरशाचं कपाट जिन्यावरून हलवलं. मायक्रोवेव्ह तिच्या कामाच्या वेळात लावायचा नाही असा नियम केला. स्वयंपाकघरातला डबा चार वेळा जागा बदलून पाहिला, शेवटी फ्रिजवर ठेवला. ही म्हणाली, आता मलाही फ्रिजवर बसवा म्हणजे घरात कुठेच अडथळा राहणार नाही.

मग संशय शेजारी गेला. भिंतीला लागून दंतवैद्याचा दवाखाना आहे. त्यांच्याकडे दाताचे फोटो काढायचं यंत्र आहे, संगणक आहेत, शिवाय पेशंटांसाठी मोफत वायफाय. मी जाऊन बसलो. तो म्हणाला, कुठला दात? मी म्हटलं, दात नाही, तुमचं चॅनेल. त्याला वाटलं मी टीव्हीबद्दल बोलतोय. दोघांचं वायफाय एकाच पट्टीवर आदळतंय, असं समजावल्यावर मात्र तो भला माणूस निघाला. माझ्यासमोर आपल्या मदतनीस मुलीकडून चॅनेल बदलून घेतलं आणि जाताना माझ्या खालच्या दाढेबद्दल फुकट सल्ला दिला. आता फरक पडायला हवा.

१७ नोव्हेंबर

आज जे ऐकलं ते इथे लिहू की नको, असं झालंय. पण वहीपासून काय लपवायचं!

दुपारी मी डुलकी घेत होतो, निदान सगळ्यांना तसं वाटलं. स्वयंपाकघरात चिरंजीव आपल्या आईला सांगत होते. दोन खोल्यांची जागा बघितलीय, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट आहे (लिफ्ट असणारच!), मालक जानेवारीपर्यंत थांबायला तयार आहे. "तिचं कायम झालं की जाऊ. एवढ्यात बाबांना बोलू नको." आणि ही, माझी बायको, चाळीस वर्षांची सोबत, म्हणाली, "नाही बोलत. जा तुम्ही. तुमचं तुम्हाला काही हवंच की."

हे घर बांधलं तेव्हा वरची खोली मी कुणासाठी काढली होती? तेव्हा चिरंजीव सातवीत होते. स्लॅब पडला त्या दिवशी मी रजा काढून उभा होतो. म्हटलं, याचं लग्न होईल, हे वर राहतील, आम्ही खाली. लोकांची मुलं दूर जातात, माझा आवाज देण्याइतका जवळ राहील. आता त्यांना चौथा मजला हवाय.

संध्याकाळी जेवताना मीठ मागितलं तेवढंच. लाइनीचं काम आणि ही गोष्ट यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. लाइन मी दुरुस्त करणारच. काम ते काम.

१८ नोव्हेंबर

सहा झाल्या. सूनबाईला कंपनीचं ताकीदपत्र आलं. आणखी एक झाली की संपलं. तिने ते पत्र छापून टेबलासमोर भिंतीला चिकटवलंय. पत्राच्या खाली ती एक तक्ता ठेवते, तारीख, वेळ, किती मिनिटं तुटलं. अक्षर सुरेख आहे. एक्स्चेंजमध्ये असती तर मी तिला माझ्या टेबलावर मागून घेतलं असतं.

तिने आज मला विचारलं, "बाबा, वायरिंगमध्ये वगैरे काही असेल का? घरातलंच काही?"

मी म्हटलं, घरातलं सगळं मी केलंय.

२१ नोव्हेंबर

तीन दिवस एकदाही तुटलं नाही! एकोणीस, वीस, एकवीस. दंतवैद्याचं चॅनेल, दुसरं काय. मी आज चहाच्या वेळी सगळ्यांना समजावून सांगितलं की निदान कसं करतात. एकेक शक्यता घ्यायची, बाद करत जायचं, जे उरतं ते कारण. चिरंजीव मोबाइलमध्ये डोकं घालून हूं हूं करत होते. ही निवांत शेंगा सोलत होती.

एकच गोष्ट खटकते. वरच्या खोलीत आज मोजलं तर पाचपैकी तीनच आले. सिग्नल कमी झालाय आणि लाइन मात्र टिकतेय. हे बरोबर नाही. पाच होते ते तीन का व्हावेत? उद्या बघतो.

२२ नोव्हेंबर

सापडलं. माळ्यावर चढलो तर जुन्या राउटरचं बटण बंद! एकोणीस तारखेला हिने माळा झाडला होता, तेव्हा धक्का लागला असणार. चालू केला, खाली येऊन मोजलं, वरच्या खोलीत परत पाचपैकी पाच. आता सगळं जिथल्या तिथे आहे. हिला सांगितलं, झाडताना वायरींना हात लावत जाऊ नकोस.

ती काहीतरी बोलणार होती. पण दूधवाल्याचं बिल बघायला निघून गेली.

२३ नोव्हेंबर

सातवी.

सकाळी दहा चाळीसला. नंतर दुपारी आणखी एकदा, पण ती मोजायचं आता कारण नाही.

सूनबाई खाली आली नाही, मीच वर गेलो. परीक्षेआधीचा शेवटचा वर्ग होता. सर म्हणाले, आता सांगतो ते नीट लिहून घ्या, हे नक्की विचारलं जाईल, आणि तिथेच तुटलं. जोडणी परत आली तेव्हा सर दुसऱ्या विषयावर गेले होते. त्या वर्गात ऐकू न येणारी एकच मुलगी आहे. तिने पडद्यावर लिहून विचारलं होतं, "पुढे काय म्हणाले?" सूनबाई मला ते दाखवत होती.

"सगळ्यांना कळलं, बाबा. तिला एकटीलाच नाही कळलं," ती म्हणाली आणि रडायला लागली. मी तिला रडताना कधी पाहिलं नव्हतं. मी लॅपटॉपची वायर सरळ केली आणि खाली आलो.

२४ नोव्हेंबर

कळलं.

सकाळी पहिला चहा देताना ही हळूच म्हणाली, "तो वरचा मी बंद केला होता. मुद्दाम. तीन दिवस नीट चाललं ना?"

मी कप खाली ठेवला. मग माळ्यावर गेलो. एवढी साधी गोष्ट! दोघांचं नाव एक, पासवर्ड एक. सूनबाईचा लॅपटॉप ओळखीचं नाव बघून सगळ्यात जवळच्या राउटरला धरणार. वरच्या खोलीला सगळ्यात जवळचा कोण? तिच्या डोक्यावर माळ्यात बसलेला हा. आणि हा दर चार-पाच तासांनी तीन मिनिटं झोपणार. ते पाचपैकी पाच नव्या यंत्राचे नव्हतेच, याचे होते. मी ज्याला बैल म्हणत होतो तो हा आजारी म्हातारा. नव्या यंत्राचे खरे तीनच होते, आणि ते तीन पुरेसे होते.

उमेदवारीच्या पहिल्या आठवड्यातल्या पोराने ही चूक केली असती तर मी त्याला टेबलावरून उठवला असता.

राउटर काढला, वायर गुंडाळली, जुन्या वह्यांच्या पेटीत टाकला. कुणाला काही सांगितलं नाही. दुपारी ही वर सूनबाईशी बराच वेळ बोलत होती. मी जिन्यात दिसताच दोघी गप्प झाल्या. बायकांचं काहीतरी असेल.

२६ नोव्हेंबर

नाव यादीतून काढल्याचं पत्र आलं. पण त्यात एक वाट ठेवलीय. ज्याने घरातली यंत्रणा बसवली त्याने सहीनिशी तांत्रिक अहवाल द्यायचा, दोष काय होता, कुठे होता, काढला का. तो पाहून ते फेरविचार करतील.

सूनबाई कागद आणि पेन घेऊन माझ्यासमोर बसली. आवाज अगदी शांत होता. "बाबा, तुम्ही बसवलंय, तेव्हा सही तुमची लागेल. जे असेल ते लिहा. घरातलंच काही निघालं असेल तर उलट बरंच आहे. घरातला दोष काढला की संपतो, असं ते लोक मानतात. माझ्याबरोबरच्या एकीला तसंच परत घेतलं."

"म्हणजे मी बसवलेलं चुकीचं होतं, असं लिहू?"

"मी असं नाही म्हणाले. जे असेल ते."

कागद माझ्याकडे सरकवून ती म्हणाली, "कुणी काही म्हणणार नाही, बाबा. मी तर नाहीच."

मला राग आला. कशाचा, ते सांगता येणार नाही. मी म्हटलं, उद्या लिहून देतो.

२७ नोव्हेंबर

अहवाल लिहिला. सकाळपासून चार कागद फाडले.

एक्स्चेंजमध्ये आमच्याबरोबर एकजण होता, उंच म्हणून त्याला लंबू म्हणायचे. नव्या नव्या दिवसांत त्याने एका तक्रारीवर खरं लिहिलं, "जोडणी करताना आमच्याकडून चूक झाली, दुरुस्त केली." साहेबांनी आम्हा सगळ्यांना बोलावून तो कागद दाखवला. म्हणाले, आपल्या बाजूचा दोष कागदावर येत नसतो. तपासलं, लाइन ठीक आढळली, असं लिहायचं. किंवा बाहेरून अडथळा. लंबूची बढती चार वर्षं अडकली. मी ते एकदा पाहिलं आणि पुढे निवृत्तीपर्यंत माझ्या हातून "आमच्याकडून" हा शब्द एकदाही उमटला नाही.

आजही पेन तिथे आलं की थांबायचं. लिहिलं ते असं:

"सदर ठिकाणी नवीन यंत्रणा नियमानुसार बसवण्यात आली असून ती सुस्थितीत आहे. तपासणीअंती असे आढळले की लगतच्या दवाखान्यातील उपकरणांमुळे अधूनमधून बाह्य अडथळा निर्माण होत होता. संबंधितांस कळवण्यात आले आहे. सध्या लाइन ठीक आहे."

खाली सही, त्याखाली "निवृत्त, तक्रार विभाग". छान उतरलं. वाचताना एक्स्चेंजचा वास आला.

सूनबाईने उभ्या उभ्या वाचलं. मग परत एकदा वाचलं. "एवढंच का, बाबा?"

"एवढंच. अहवाल आटोपशीर असावा."

ती कागद घेऊन वर गेली. ही रात्रीच्या भाकऱ्या करत होती, तिने माझ्याकडे पाहिलं नाही. दंतवैद्याचं थोडं वाईट वाटतं. पण त्याला कुठे कळणार आहे!

मी त्यांचं जाणं थांबवायला असं लिहिलं, असं कुणाला वाटेल तर वाटू दे. तसं नाही. कामाचा कागद कसा लिहायचा ते मला माहीत आहे, एवढंच.

३ डिसेंबर

उत्तर आलं. सूनबाईने ते जेवताना वाचून दाखवलं, न अडखळता, सरांचं बोलणं टाइप करते तशा एका सुरात. दोष बाहेरचा असून तो उमेदवाराच्या ताब्यात नाही, त्यामुळे पुन्हा होणार नाही याची खात्री देता येत नाही, म्हणून परत घेता येत नाही. घरातल्या यंत्रणेतला दोष असता आणि तो काढला असता तर विचार झाला असता. अहवालात काही दुरुस्ती करायची असल्यास दहा तारखेपर्यंत कळवावे. त्यापुढे काही वेळबीळही होती, मी नीट ऐकलं नाही. कानात नुसती शीळ वाजत होती.

चिरंजीव म्हणाले, "त्या दातवाल्याला जाऊन जाब विचारतो."

"नको," सूनबाई म्हणाली. "त्याचं काय चुकलं?"

तिने पत्राची घडी घातली आणि माझ्या ताटापलीकडे ठेवली. उद्या सांगतो. सात दिवस आहेत.

५ डिसेंबर

सांगायचं होतं, पण चिरंजीव घरी होते. त्यांच्यासमोर नाही.

सूनबाईने तक्त्यात अजून तारखा लिहिणं चालू ठेवलंय. काम नाही, तरी लॅपटॉप लावून बसते आणि बघते. चोवीस तारखेपासून पुढे प्रत्येक दिवसासमोर शून्य. वर गेलो होतो तेव्हा तो कागद टेबलावर सरळ माझ्याकडे तोंड करून ठेवलेला होता. मी म्हटलं, छान चाललंय. ती म्हणाली, "हो. चोवीस तारखेपासून."

७ डिसेंबर

आज नक्की सांगणार होतो. तिने फोनवर कुणालातरी सांगितलं की त्या मुलीला दुसरी टाइप करणारी मिळाली, बरी आहे, थोडी हळू आहे. मग वाटलं, आता सांगून त्या मुलीचं काय बदलणार? पण ही पळवाट आहे, हे मला कळतं. रेडिओ ऐकत बसलो.

ही दोन दिवसांत माझ्याशी कामापुरतं सोडून एक शब्द बोललेली नाही. चष्मा कुठे आहे विचारलं तर बोटाने दाखवते.

९ डिसेंबर

उद्या शेवटचा दिवस. वाक्य तयार आहे. नवा अहवालही तयार आहे, मनात. "जुना राउटर चालू राहिल्याने दोष उद्भवला, तो काढला, आता दोष नाही." तीन ओळींचं काम आहे. उद्या लिहीन. शांतपणे, जेवण झाल्यावर.

१० डिसेंबर

सकाळी पेपर वाचत होतो. साडेअकराच्या सुमाराला सूनबाई खाली आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. हातात कोरा कागद होता. "बाबा, काही हवंय का?" मला वाटलं, चहाचं विचारतेय. म्हटलं, काही नको. ती तरी थोडा वेळ उभी होती. मग वर गेली. मी म्हटलं होतं ना, जेवण झाल्यावर.

जेवणं झाली. दोन वाजता जिना चढलो. ती टेबल आवरत होती, भिंतीवरचा कागद काढून झाला होता. मी उभ्या उभ्याच सांगितलं. "तो दोष घरातला होता. माझा होता. जुना राउटर मी चालू ठेवला होता."

तिने हेडफोनची वायर गुंडाळली. "माहीत आहे, बाबा. आईंनी चोवीस तारखेलाच सांगितलं."

"मग तू बोलली का नाहीस?"

"काय बोलू? सही तुमची लागत होती. तुम्ही आपणहून लिहाल असं वाटलं. तुमचा अहवाल हातात आला तेव्हाही वाटलं की मागच्या बाजूला काही लिहिलं असेल, मी कागद उलटून बघितला. मग गेले सात दिवस रोज वाटत होतं."

मी म्हटलं, आण तो कागद, आत्ता लिहितो, दोन मिनिटांत लिहितो.

"मुदत आज दुपारी बारापर्यंतच होती."

ती चिडली असती, ओरडली असती, तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. ती हेडफोन डब्यात ठेवत होती. मी विचारलं, "आणि ती चौथ्या मजल्यावरची जागा?"

तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. मला ते माहीत होतं, हे तिला माहीत नव्हतं. आत्ता कळलं, आणि ते कळल्याचं तिच्या चेहऱ्यावर मला दिसलं. तिने काय जुळवलं असेल तेही मला कळलं. मी तसं नाही, तसं नाही म्हणत राहिलो, पण ते माझ्या तोंडातून बाहेर पडलं की नाही याची खात्री नाही.

"ती गेली," ती म्हणाली. "आम्ही इथेच आहोत, बाबा. कुठे जात नाही."

हेच मला ऐकायचं होतं. नोव्हेंबरपासून मी दुसरं काही मागत नव्हतो, आज कबूल करतो. ऐकलं. कठडा धरून एकेक पायरी उतरलो.

ही खाली पायरीशी उभी होती.

"सांगितलंत?"

"हो."

"किती वाजता?" तिने विचारलं.